मॅन्युफॅक्चर्ड होम, इन्सुलेशन आणि वीजबिल: अमेरिकेतल्या एनर्जी नियमांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत साधारण दोन कोटी माणसं कारखान्यात बनवून ट्रकने ओढत आणलेल्या घरांत राहतात. त्यातले बरेच जण कमी कमाईचे, रिटायर झालेले, किंवा गावापासून लांब राहणारे. आता आपली मराठी मंडळीही विचारायला लागलीयत, कोणाला शहराबाहेर जमीन घेऊन त्यावर परवडेल असं घर ठेवायचंय, कोणी अशा घरांच्या पार्कमध्ये पैसे गुंतवतंय, कोणाचा मुलगा टेक्ससला लागलाय आणि त्याला अपार्टमेंटचं भाडं झेपत नाहीये. मी अशा घरांचं एनर्जी ऑडिट करते, म्हणजे घराखाली सरपटत जाऊन इन्सुलेशन बघायचं, गरम-गार हवा घरभर नेणारा डक्ट कुठे गळतोय ते शोधायचं, त्यामुळे तेच तेच प्रश्न सारखे येतात. ते इथे एकत्र लिहिलेत.

मॅन्युफॅक्चर्ड होम म्हणजे नक्की कोणतं घर? मॉड्युलर होम तेच ना?

नाही, आणि एनर्जीच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. मॅन्युफॅक्चर्ड होम कायमच्या स्टील चासीवर बांधलेलं असतं आणि ते केंद्र सरकारच्या हड कोडप्रमाणे बनतं. हड म्हणजे तिथलं गृहनिर्माण खातं. हा कोड १५ जून १९७६ पासून लागू झाला, त्याच्या आधी बनलेली घरं ती खरी जुनी मोबाइल होम्स. मॉड्युलर घरसुद्धा कारखान्यातच तुकड्यातुकड्यात बनतं, पण ते ज्या राज्यात बसवणार तिथल्या बिल्डिंग कोडप्रमाणे बनवावं लागतं, म्हणजे जागेवर विटा-लाकडाने बांधलेल्या घराला जे एनर्जीचे नियम तेच त्याला. त्यामुळे डीलरच्या लॉटवर दोन घरं शेजारी शेजारी उभी असली, बाहेरून सारखीच दिसली, तरी भिंतीच्या आत किती इन्सुलेशन आहे यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

ओळखायचं कसं? मॅन्युफॅक्चर्ड घराच्या प्रत्येक सेक्शनला बाहेरून मागच्या बाजूला एक छोटी लाल धातूची पट्टी ठोकलेली असते, ते हडचं लेबल.

मग या घरांना एनर्जीचा काही नियम आहे की नाही?

आहे, पण जुना आहे. हड कोडमध्येच इन्सुलेशनचा भाग आहे आणि आज कारखाने जो पाळतात तो मुख्यतः १९९४ साली ठरलेला. १९९२ मध्ये फ्लोरिडात अँड्र्यू चक्रीवादळाने या घरांची अक्षरशः वाताहत केली, त्यानंतर हडने वाऱ्याचे नियम कडक केले आणि त्याच सुमारास इन्सुलेशनचेही वाढवले. तेव्हा ते चांगलं पाऊल होतं, मी ते नाकारत नाही. पण त्यानंतर साध्या घरांचे एनर्जी कोड दर तीन वर्षांनी सुधारत गेले, खिडक्या बदलल्या, हीट पंप, म्हणजे उलटे चालून घर गरम करणारे एसी, बदलले, विजेचे दर कुठल्या कुठे गेले, आणि ही घरं त्याच आकड्यावर थांबली.

यूओ म्हणजे काय? डीलर नुसतं "झोन टू चं घर आहे" म्हणतो.

यूओ म्हणजे सगळ्या घराचं मिळून सरासरी किती उष्णता बाहेर जाते त्याचा आकडा. भिंती, छत, जमीन, खिडक्या, दारं सगळं धरून. आकडा जितका लहान तितकं घर चांगलं. हडने देशाचे तीन झोन केलेत, पहिला दक्षिणेचा उष्ण, तिसरा उत्तरेचा थंड. पहिल्यात यूओ ०.११६ च्या आत पाहिजे, दुसऱ्यात ०.०९६, तिसऱ्यात ०.०७९, हे तिकडच्या युनिटमध्ये.

आकडे कोरडे वाटतात म्हणून एक हिशोब करून दाखवते. २६ बाय ४६ फुटांचं घर धरा, म्हणजे सुमारे १,२०० चौरस फूट. छत, जमीन आणि चारी भिंती मिळून साडेतीन हजार चौरस फुटांच्या आसपास पृष्ठभाग होतो. आत ६८ अंश फॅरनहाइट आणि बाहेर २८, म्हणजे आपल्या भाषेत आत २० आणि बाहेर उणे २ सेल्सिअस. यूओ ०.११६ असेल तर या घरातून सतत साधारण ४.८ किलोवॉट उष्णता बाहेर जात राहते, ०.०८२ असेल तर ३.४ किलोवॉट. फरक १.४ किलोवॉटचा. घरात साधी इलेक्ट्रिक फर्नेस, म्हणजे विजेने हवा तापवणारी भट्टी, असेल आणि अशी थंडी दिवसभर राहिली तर एका दिवसाला ३४ युनिट जास्त, १५ सेंट दर धरला तर रोजचे पाच डॉलर. यात फटींतून येणारी हवा धरलेलीच नाहीये, ती वेगळी.

१९९४ नंतर कोणी काहीच केलं नाही का?

केलं, पण फार रखडत. २००७ साली अमेरिकन काँग्रेसने एक मोठा ऊर्जा कायदा केला, त्याच्या कलम ४१३ मध्ये स्पष्ट लिहिलं की ऊर्जा खात्याने, म्हणजे डीओईने, मॅन्युफॅक्चर्ड घरांसाठी नवीन एनर्जी स्टँडर्ड करायचं, ते आयईसीसी या देशभर वापरल्या जाणाऱ्या एनर्जी कोडच्या ताज्या आवृत्तीवर आधारायचं, खर्च परवडत नसेल तिथे सूट द्यायची, आणि हे सगळं चार वर्षांत. म्हणजे २०११ संपायच्या आत व्हायला हवं होतं. झालं नाही. शेवटी २०१७ च्या डिसेंबरात सिएरा क्लब ही पर्यावरण संस्था कोर्टात गेली, तिथे तडजोड होऊन तारखा बांधून घेतल्या गेल्या आणि त्यानंतर ३१ मे २०२२ ला फायनल नियम प्रसिद्ध झाला. २००७ च्या कायद्यानंतर पंधरा वर्षांनी. त्या पंधरा वर्षांत जी घरं विकली गेली त्यातली बहुतेक अजून उभी आहेत आणि त्यातले लोक अजून ते बिल भरतायत, मला याचा खरंच त्रास होतो.

२०२२ च्या नियमात नवीन काय होतं?

दोन टप्पे केले, टियर १ आणि टियर २. एका सेक्शनचं घर, ज्याला लोक सिंगल वाइड म्हणतात, ते टियर १ मध्ये, आणि दोन (म्हणजे डबल वाइड) किंवा जास्त सेक्शन जोडून बनलेलं ते टियर २ मध्ये. आधीच्या प्रस्तावात घराच्या किंमतीवरून टप्पे पाडायचे होते पण नंतर ते बदलून साइजवर आणलं, आणि ते बरं झालं कारण किंमत आज एक उद्या एक.

टियर १ मध्ये सुधारणा अगदी थोडी आहे. पहिल्या झोनला ०.११६ चं ०.११०, तिसऱ्याला ०.०७९ चं ०.०७४. टियर २ मध्ये मात्र उडी मोठी, ०.०८२, ०.०६६ आणि ०.०५५. शिवाय दोन्ही टप्प्यांना डक्ट सील करायची अट घातली, गळती मजल्याच्या दर १०० चौरस फुटांमागे ४ सीएफएमच्या (म्हणजे मिनिटाला ४ घनफूट हवेच्या) वर नको, आणि फटी कुठे कुठे बुजवायच्या त्याची यादी दिली. माझ्या मते यातली डक्टची अट सगळ्यात कामाची आहे, कारण गरम केलेली हवा घराखालच्या मातीत जात असेल तर भिंतीत कितीही फायबरग्लास भरा, काही उपयोग नाही.

कंपन्यांचं एक म्हणणं ऐकलं गेलं हेही सांगायला पाहिजे. प्रस्तावात थंड झोनच्या भिंतींना बाहेरून फोमचा सलग थर द्यायचा होता. त्याने भिंतीची जाडी वाढते आणि घर हायवेवरून न्यायचं असल्यामुळे एक एक इंच मोजून असतो, कारखान्याची सगळी लाइन बदलावी लागली असती. फायनलमध्ये तो थर काढला.

मग आज नवीन घर घेतलं तर ते या नियमाप्रमाणे असेलच ना?

नाही. हे नीट वाचा, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक गोंधळतात. नियम ३१ मे २०२३ पासून लागू होणार होता. त्याच्या आदल्या दिवशी तारीख पुढे ढकलली, टियर २ ला १ जुलै २०२५ आणि टियर १ ला अंमलबजावणीची पद्धत ठरल्यावर ६० दिवसांनी. कारण असं दिलं की तपासायचं कोणी, कसं, कागद कोणते, हे ठरलेलंच नाही. ते ठरवण्याचा प्रस्ताव २०२३ च्या डिसेंबरात आला. मग २०२५ मध्ये टियर २ ची तारीखही तशीच पुढे नेली, अंमलबजावणीचे नियम फायनल झाल्यावर १८० दिवसांनी अशी. म्हणजे ते फायनल होत नाहीत तोवर कोणत्याही कारखान्यावर बंधन नाही. त्यात २०२३ मध्ये इंडस्ट्रीच्या संघटना टेक्ससच्या कोर्टात गेल्या, आणि काँग्रेसमध्ये हा विषय डीओईकडून काढून पूर्णपणे हडकडे द्यावा अशी विधेयकंही आलीयत.

तेव्हा "२०२५ चं मॉडेल आहे म्हणजे नवीन स्टँडर्डचं असणार" असं धरून चालू नका. नवीन घराला कायद्याने लागतं ते हडचं जुनंच.

नियम आला तर घर महाग होईल, गरिबाला परवडणार नाही, असं म्हणतात. खरं आहे का?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त बोलते कारण दोन्ही बाजूचे लोक अर्धंच सांगतात.

डीओईच्याच अंदाजाप्रमाणे टियर १ चं घर सुमारे ६६० डॉलरने महागतं आणि बिलात वर्षाला सुमारे १७७ डॉलर वाचतात. टियर २ चं घर ४ हजार डॉलरच्या थोडं वर महागतं आणि वर्षाला सुमारे ४७५ वाचतात. रोख पैसे देणाऱ्याचा हिशोब सोपा आहे, पहिल्यात चार वर्षांच्या आत पैसे वसूल, दुसऱ्यात नऊच्या आत.

पण ही घरं रोखीने घेणारे कमी. आणि खाली जमीन स्वतःची नसेल तर घरकर्ज मिळत नाही, मिळतं ते चॅटल लोन, म्हणजे गाडीसारखं वस्तूवरचं कर्ज, त्याचा व्याजदर घरकर्जापेक्षा बराच जास्त. आता उदाहरणादाखल ९ टक्के आणि २० वर्षं धरा. ६६० डॉलरचा हप्ता वर्षाला ७१ डॉलर पडतो, वाचतात १७७, म्हणजे पहिल्याच महिन्यापासून फायदा. ४,१०० डॉलरचा हप्ता वर्षाला ४४३ पडतो, वाचतात ४७५. फायदा आहे पण अगदी थोडा. तेच व्याज ११ टक्के झालं तर हप्ता वर्षाला ५०८ होतो आणि मग सुरुवातीची वर्षं खिशातून जातात. म्हणजे कंपन्या जे ओरडतात ते सगळंच खोटं नाही, डबल वाइड घेणाऱ्या ज्या माणसाचा क्रेडिट स्कोअर कमी आहे त्याला खरंच घट्ट होतं.

यावरून मी मात्र असं म्हणत नाही की नियम नको. हप्ता वीस वर्षं तोच राहतो, विजेचा दर तोच राहत नाही. हप्ता एक दिवस संपतो आणि इन्सुलेशन राहतं. आणि हे घर पुढे दुसऱ्याकडे जातं, मग तिसऱ्याकडे, आणि सेकंडहँड घेणारा माणूस पहिल्यापेक्षाही कमी पैशाचा असतो, त्याला तर भिंतीत काय भरायचं हे ठरवायची संधीच मिळालेली नसते. त्या माणसाच्या बाजूने फक्त स्टँडर्डच उभं राहू शकतं. व्याजाचा त्रास आहे तर व्याजावर उपाय करा ना, भिंत पातळ ठेवणं हा त्यावर उपाय नाही.

राज्याने किंवा शहराने स्वतःचा कडक नियम का नाही करायचा?

करता येत नाही. हड कोडच्या १९७४ च्या मूळ कायद्यातच लिहिलंय की ज्या गोष्टीवर केंद्राचा नियम आहे तिथे राज्याचा किंवा शहराचा वेगळा नियम चालणार नाही. कारण समजण्यासारखं आहे, एका कारखान्यातून पाच राज्यांत घरं जातात. पण त्यामुळे केंद्र झोपलं की सगळा देश झोपतो.

वायव्येकडच्या राज्यांनी यातून वाट काढली. बॉनव्हिल पॉवर ही तिथली सरकारी वीज संस्था, तिने आणि स्थानिक वीज कंपन्यांनी १९९२ ते ९५ मध्ये कारखान्यांनाच दर घरामागे २,५०० डॉलर दिले, अट एकच, भरपूर इन्सुलेशनचं घर बनवा. वीज कंपनीला नवीन वीज उभी करण्यापेक्षा हे स्वस्त पडत होतं. वॉशिंग्टन, ओरेगॉन, आयडाहोमधले कारखाने तेव्हा जे शिकले ते विसरले नाहीत, पुढे नीम नावाने तो प्रोग्राम चालू राहिला. तिकडचं नव्वदच्या दशकातलं सेकंडहँड घर बघत असाल तर "सुपर गुड सेंट्स" चा स्टिकर आहे का बघा, असेल तर ते दक्षिणेतल्या कितीतरी नव्या घरांपेक्षा चांगलं निघेल.

टेक्सस अख्खं पहिल्या झोनमध्ये का? अमॅरिलोत तर बर्फ पडतो.

अगदी बरोबर प्रश्न आहे. हडचे झोन राज्याच्या सीमेवर पाडलेत. त्यामुळे मेक्सिकोच्या सीमेवरचं ब्राउन्सविल आणि वरच्या टोकाचं अमॅरिलो दोघांना एकच आकडा. कॅलिफोर्नियाचंही तेच, सॅन डिएगोचा समुद्रकिनारा आणि सिएरा नेव्हाडाचा डोंगर एकाच झोनमध्ये. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीच्या लाटेत टेक्ससमध्ये दिवसच्या दिवस वीज गेली तेव्हा कमी इन्सुलेशनची घरं काही तासांत गार पडली. उत्तर टेक्ससमध्ये घर घेत असाल तर ऑर्डर देतानाच झोन ३ चं पॅकेज मागा. कारखाना देतो, कारण तोच कारखाना बऱ्याचदा उत्तरेकडेही घरं पाठवत असतो.

एनर्जी स्टारचं घर घ्यावं का? टॅक्समध्ये काही मिळतं का?

एनर्जी स्टार म्हणजे कमी वीज लागणाऱ्या घराला मिळणारं सरकारी लेबल. तसं घर मिळत असेल तर नक्की घ्या. नियम अडकलेला असताना चांगलं घर ओळखायची ती सगळ्यात सोपी खूण आहे. त्याच्या वरची पायरी म्हणजे डीओईचं झिरो एनर्जी रेडी. टॅक्स क्रेडिट ४५एल नावाचं होतं, एनर्जी स्टारला २,५०० आणि झिरो एनर्जी रेडीला ५,००० डॉलर, पण ते घर बनवणाऱ्या कंपनीला, तुम्हाला नाही. आणि २०२५ च्या नव्या कायद्याने ३० जून २०२६ नंतर घेतलेल्या घरांना ते बंद. स्थानिक वीज कंपनीची सूट मात्र वेगळी असते, तिला फोन करून विचारा.

कारखान्यातलं घर म्हणजे मुळातच कच्चं असतं का?

अजिबात नाही. छपराखाली बनतं, लाकूड पावसात भिजत नाही, जिगवर कापलेले भाग असल्यामुळे सांधे नीट बसतात, आणि एकाच कामगाराने तेच काम रोज केलेलं असतं. चांगलं घर बनवायला कारखान्यासारखी जागा नाही. अडचण दुसरीकडे आहे. घर पुलाखालून जायला हवं म्हणून छत बसकं ठेवतात, त्यामुळे कडेला, जिथे छत भिंतीला टेकतं, तिथे इन्सुलेशन दबून पातळ होतं. डक्ट घराच्या फ्लोअरच्या आत असतो, खाली फक्त एक काळं कापडासारखं आवरण, त्याला बेली बोर्ड म्हणतात. आणि दोन सेक्शन जिथे जुळतात ती रेघ जागेवर बंद करायची असते, ती कारखान्यात होत नाही.

म्हणजे सेटअप करणाऱ्यावरही अवलंबून आहे?

खूप. मला विचाराल तर अर्धं घर तिथेच बिघडतं. डबल वाइडच्या दोन भागांना जोडणारा एक जाड लवचिक पाइप घराखालून जातो, क्रॉसओव्हर डक्ट. तो टायने घट्ट बांधून, मॅस्टिक, म्हणजे सांधे बुजवायचा लेप, लावून, जमिनीला न टेकता पट्ट्यांवर लटकवायचा असतो. मी असे कितीतरी बघितलेत जे नुसते सिल्व्हर टेपवर होते आणि दोन हिवाळ्यांत सुटले, घराचा अर्धा भाग गार, बिल दुप्पट, आणि आतल्या माणसाला वाटतं फर्नेस बिघडली. म्हणून सेटअपच्या दिवशी तिथे हजर राहा, स्कर्टिंग, म्हणजे घराखालची मोकळी जागा झाकणारं कडेचं आवरण, लावायच्या आधी टॉर्च घेऊन खाली बघा, फोटो काढा. सेक्शनच्या मधल्या सांध्यात गॅस्केट आहे का, बेली बोर्ड फाटलाय का, प्लंबरने भोक पाडून तसंच सोडलंय का. स्कर्टिंग लागल्यावर कोणी खाली वाकत नाही.

घर इतकं सील केलं तर आत गुदमरायला नाही का होणार? ओल येईल, प्लायवुडचा वास राहील.

भीती खरी आहे, म्हणूनच व्हेंटिलेशनचा वेगळा नियम आहे. हड कोडप्रमाणे दर चौरस फुटाला ०.०३५ सीएफएम ताजी हवा देणारी व्यवस्था लागते, कमीत कमी ५० आणि जास्तीत जास्त ९०. म्हणजे १,८०० फुटांच्या घराला ६३. फटीतून येणारी हवा म्हणजे व्हेंटिलेशन नव्हे, ती वारा सुटला की नको इतकी येते आणि शांत दिवशी येतच नाही, शिवाय घराखालची ओल सोबत आणते. फॅनचा आवाज येतो म्हणून बरेच जण तो बंद करून टाकतात, कृपया करू नका. आणि आपलं स्वयंपाकघर फोडणीचं आहे, चुलीवरचा हूड धूर बाहेर टाकणारा घ्या, आतल्या आत फिरवणारा नको.

इलेक्ट्रिक फर्नेस की हीट पंप?

हीट पंप. दक्षिणेत स्वस्त घरांत सर्रास इलेक्ट्रिक फर्नेस बसवून देतात कारण ती स्वस्त असते, पण ती एका युनिट विजेची एकच युनिट उष्णता देते, हीट पंप साधारण हिवाळ्यात अडीच-तीन देतो. २०२२ चा नियम मुख्यतः घराच्या भिंती-छत-डक्टचा आहे, तो तुम्हाला हीट पंप घ्यायला लावत नाही, तेव्हा हे तुम्हालाच मागावं लागेल. एकाच सुधारणेपुरते पैसे असतील तर दक्षिणेत मी हीच सांगेन.

डीलरला काय विचारू?

या घराचा यूओ किती, झोन कोणता, खिडक्या डबल काचेच्या आणि लो-ई, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थराच्या, आहेत का, डक्टची गळती मोजलीय का, छतात आर-व्हॅल्यू (इन्सुलेशन उष्णता किती अडवतं त्याचा आकडा, मोठा तितका चांगला) किती, आणि एनर्जी अपग्रेडचं पॅकेज केवढ्याला. तो "सगळं स्टँडर्ड आहे" म्हणाला तर कागद मागा. घराच्या आत डेटा प्लेट असते, एक कागद, बहुतेक वेळा किचनच्या कपाटात, इलेक्ट्रिक पॅनेलजवळ किंवा बेडरूमच्या क्लॉझेटमध्ये चिकटवलेला. त्यावर वाऱ्याचा, छतावरच्या भाराचा आणि यूओचा झोन नकाशासकट असतो, सहीच्या आधी तो वाचा. पहिल्या झोनसाठी बनलेलं घर तिसऱ्या झोनमध्ये बसवायचं नसतं.

आमचं घर १९८५ चं आहे. त्याचं काय करू शकतो?

बरंच काही. क्रम मी असा सांगते, आधी डक्ट, मग बेली, मग छत, खिडक्या सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात, खिडक्यांवर हजारो डॉलर घालतात आणि खाली उंदराने बेली फाडलेली तशीच. डक्ट मॅस्टिकने सील करा, बेली शिवून घेऊन आत इन्सुलेशन ब्लो करा, छताच्या पोकळीतही तसंच. दक्षिणेत पत्र्याच्या छतावर पांढरं कूल कोटिंग लावलं तर उन्हाळ्यात फरक हाताला कळतो. पाइप गोठू नयेत म्हणून गुंडाळलेली हीट टेप जुनी झाली असेल तर बदला, तिने आगी लागतात.

पैसे नसतील तर वेदरायझेशन असिस्टन्स प्रोग्राम बघा, १९७६ पासून चालू आहे, दारिद्र्यरेषेच्या २०० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ही कामं फुकट करून मिळतात आणि मोबाइल होम त्यात बसतं. वेटिंग लिस्ट असते, तरी नाव घालून ठेवा.

मी पार्कमध्ये गुंतवणूक करतोय, बिल भाडेकरू भरतो. मला काय फरक पडतो?

भाडेकरूला पडतो, आणि त्याच्यातून तुम्हालाही. जानेवारीत चारशे डॉलर बिल आलं की माणूस आधी वीज भरतो, कारण ती कापतात, आणि भाडं थकतं. पार्कची घरं तुमच्या मालकीची असतील तर डक्ट आणि बेलीचं काम घरामागे फार मोठं नाही, आणि दहा-वीस घरं एकदम केली तर आणखी स्वस्त पडतं. तुमच्या घरात लहान मुलं, म्हातारी माणसं राहतायत, त्यांना उबेत ठेवणं ही मालकाचीही जबाबदारी आहे असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्रात प्रीफॅब फार्महाउस करतोय. हे नियम तिकडे लागू आहेत का?

नाहीत. भारतात बीईईची, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा बचत संस्थेची, इको निवास संहिता आहे, डिसेंबर २०१८ मध्ये आली, पण ती मोठ्या प्लॉटवरच्या रहिवासी इमारतींचा विचार करून केलेली आणि राज्याने लागू करायची असते, पोर्टा केबिनवाला तिचं नावही घेणार नाही. तिच्यातली दिशा मात्र घ्या. आपल्याकडे त्रास उष्णता बाहेर जाण्याचा नाही, ऊन आत येण्याचा आहे, म्हणून त्यात छताचा यू, म्हणजे यूओसारखाच पण एका भागाचा आकडा, मेट्रिकमध्ये १.२ च्या आत मागितलाय, भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेवर दर चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा आहे, आणि खिडक्या उघडता येण्यावर भर आहे. हडचा सगळ्यात सैल आकडा मेट्रिकमध्ये आणला तर ०.६६ होतो, पण तो घरातली उष्णता बाहेर जाऊ नये यासाठी, नागपूरला तसं घर जसंच्या तसं आणून उपयोग नाही. साधा पत्रा म्हणजे ६-७, आणि ५० मिलिमीटरचं पफ पॅनेल, मध्ये फोम भरलेलं, म्हणजे ०.४५ च्या आसपास, एवढा फरक एका पॅनेलने पडतो. तेव्हा छताला तरी पफ घ्याच, वरून पांढरं, पश्चिमेची खिडकी लहान आणि तिच्यावर छज्जा, आणि पॅनेलचे सांधे फोमने भरून घ्या, आपल्याकडचे फॅब्रिकेटर तिथेच घाई करतात.

सेकंडहँड घराची लाल पट्टी निघालीय, डेटा प्लेटही नाही. आता?

कर्ज आणि इन्शुरन्स दोन्हीला अडतं. आयबीटीएस नावाची संस्था हडसाठी हे रेकॉर्ड ठेवते, तिच्याकडे सीरियल नंबर देऊन फी भरली की लेबलची खात्री देणारं पत्र मिळतं, रेकॉर्ड असेल तर डेटा प्लेटची माहितीही. सीरियल नंबर चासीच्या पुढच्या आडव्या बीमवर ठोकलेला असतो, गंज घासून बघा.